चार आण्यांचा गेंडा आणि काकांचा डबा: माणसं नाणी का जमवतात?

हा भाग मी दोनदा रेकॉर्ड करून डिलीट केला. पहिल्यांदा तो फार हुशार झाला होता, दुसऱ्यांदा फार रडका. आता तिसऱ्यांदा करतेय. जसा होईल तसा टाकणार. ऐकणं जमत नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहूनही ठेवलाय.

तर सुरुवात एका स्टीलच्या डब्यापासून. पूर्वी दिवाळीत चिवडा भरायला असायचा ना, घट्ट झाकणाचा, तसा. गेल्या वर्षी माझे काका गेले, आणि तेराव्यानंतर दादानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, तो डबा माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "तू सांग याचं काय करायचं ते. मला तर हा डोळ्यासमोर नकोय."

डब्यात चार अल्बम, एक दोनशे पानी वही आणि एक छोटी डबी. काका एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यात. पस्तीस वर्षं नोकरी. आता विचार करा, ज्याला नाण्यांचा नाद आहे अशा माणसाच्या गळ्यात रोज चामड्याची बॅग अडकवून तुम्ही त्याला पन्नास गावांतून फिरवताय. माशाला तलावाचा वॉचमन करण्यातला प्रकार! बॅगेत हवं ते नाणं दिसलं की काका ते काढायचे आणि तेवढ्याच किमतीचं स्वतःच्या खिशातलं टाकायचे. हिशोबात पैशाचा फरक नको, नाहीतर चेकिंगवाले आले की पंचाईत. घरी येऊन मग वहीत नोंद. तारीख, रूट, नाणं, साल आणि शेवटी एक खूण. चौकोन, तारा, ठिपका, नाहीतर काहीच नाही.

ही खूण म्हणजे काय, ते तुम्ही आत्ता तपासू शकता. खिशात एखादं नाणं असेल तर काढा. सगळं यूपीआयवर गेलंय हे मला माहितीये, पण घरात देवघरात तरी सापडेल. सालाच्या खाली बघा. छोटा हिऱ्यासारखा चौकोन असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीत पडलेलं. तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. म्हणजे एकाच सालच्या एकाच नाण्याचे चार प्रकार होऊ शकतात. तुमच्यामाझ्यासाठी रुपया म्हणजे रुपया. काकांसाठी ते चार वेगळे रुपये होते.

इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. चार का हवेत? एकानं का भागत नाही?

लोक पटकन म्हणतात, पैशासाठी. जुनी नाणी महाग विकली जातात ना! हे उत्तर मला आता चिडवतं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो मिळतील, असं सांगणारी रील्स तुम्ही पाहिली असतील. ती नाणी २०१२ साली निघाली, आजही कित्येकांच्या गल्ल्यात सापडतात. लाखो कुठून येणार? उलट तुमच्याकडूनच 'रजिस्ट्रेशन फी' आणि 'कमिशन' उकळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की आमचं नाव वापरून जुन्या नोटा-नाणी खरेदी-विक्रीचे जे प्रकार चाललेत, त्यांच्याशी आमचा संबंध नाही. तर हा विषय इथेच सोडू. ज्यांना फक्त पैसे हवेत ते लोक वर्षानुवर्षं सालाखालचा तारा शोधत बसत नाहीत.

काकांचा अख्खा संग्रह मी एका व्यापाऱ्याला दाखवला. पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. कापडावर शिवराया मांडून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यातलेच एक गृहस्थ. सज्जन होते, फसवणारे नव्हते. अल्बम चाळून त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात माझा फोनही आला नसता. मला इतका राग आला! पस्तीस वर्षं हो! आणि तेवढेच?

घरी आल्यावर लक्षात आलं, हा राग अभ्यासलेला आहे. डॅनिएल काहनेमन, जॅक नेश आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला साधे कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? दुसऱ्या गटाला विचारलं, कितीला घ्याल? मग तेच, पण ज्यांच्या हातात होते त्यांनी साधारण दुप्पट किंमत मागितली. मग त्यांचा होऊन अर्धा तासही झाला नव्हता! वस्तू 'माझी' झाली की तिची किंमत डोक्यात वाढते. पुढे जॉन लिस्ट नावाच्या अर्थतज्ज्ञानं खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात जाऊन तपासलं, तर जे रोज देवाणघेवाण करतात त्यांच्यात हा परिणाम बराच कमी दिसला. म्हणजे जुन्या बाजारातले ते गृहस्थ आणि मी एकच अल्बम बघत होतो, पण त्यांच्यासाठी तो माल होता आणि माझ्यासाठी काका.

पण हे झालं 'सोडवत का नाही' याचं उत्तर. मुळात जमवायला सुरुवात का होते?

मी वही वाचत गेले तेव्हा एक गंमत दिसली. काका ज्या दिवशी नाणं मिळालं त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाहीत. एक ओळ, संपलं. पण मिळालं नाही त्या दिवसांबद्दल लिहितात. 'आज महाबळेश्वर. शाळेची सहल. पुष्कळ चिल्लर. तारा नाही.' 'आज जत्रेची जादा गाडी. बॅग जड. तारा नाही.' माणूस शोधण्यावरच खूश होता असं वाटतं.

वोल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूत डोपामाइनच्या पेशी कधी पेटतात ते मोजलं होतं. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की पेटायच्या. मग रसाच्या आधी एक इशारा द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी इशाऱ्यालाच पेटायला लागल्या, रस आला तेव्हा गप्प. आनंद मिळण्याकडून 'मिळेल बहुतेक' याकडे सरकला. आणि कधी मिळेल हे नक्की नसेल तर माणूस आणखी चिकटतो. तुम्ही रात्री एक वाजता अंगठ्यानं स्क्रीन वर ढकलत असता ना, पुढचं तरी भारी असेल म्हणून? चिल्लरनं भरलेली बॅग हे काकांचं फीड होतं. फरक एवढाच की ते रात्री दहाला झोपायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. लहानपणी चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवलेत का कुणी? माझ्याकडे ढीग होता, आणि मला त्या ढिगातलं आज काहीही आठवत नाही. जो मिळाला नाही तो मात्र आठवतो. ही रिकामी जागा फार ताकदीची चीज आहे, आणि सरकारांनाही ती कळते. अमेरिकेनं १९९९ ते २००८ अशी दहा वर्षं, दरवर्षी पाच, अशी पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली. लोकांनी नकाशाचे पुठ्ठे विकत घेतले, त्यात प्रत्येक राज्याला एक भोक, आणि नाणी त्यात बसवत गेले. नाणं बनवायला खर्च कमी, त्यावरची किंमत जास्त, आणि नकाशात बसलेलं नाणं खर्चाला परत येत नाही. म्हणजे तो फरक सरकारच्या खिशात. लोकांच्या 'सेट पूर्ण व्हायला हवा' या खाजेवर देशानं चक्क कमाई केली.

आपल्याकडे उलटच! आपल्याकडे दहा रुपयांची नाणी इतक्या वेगवेगळ्या छापांची निघाली की दुकानदार ती घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की बाबांनो, चौदा डिझाइन्स आहेत आणि चौदाही खरी आहेत. बाकीचे भांडत होते तेव्हा काका चौदा मोजत होते.

आता जमवणं आणि साठवणं यातला फरक. काकू भांडताना काकांना 'कचरा गोळा करणारा' म्हणायच्या, म्हणून मी हे मुद्दाम वाचलं. वस्तू टाकवत नाहीत, घरात चालायला जागा उरत नाही, त्याचा त्रास होतो, या अवस्थेला मानसोपचाराच्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत स्वतंत्र आजाराची जागा मिळाली. तिथे वस्तूंचा ढीग असतो, क्रम नसतो. संग्राहकाकडे क्रमच सगळं असतो. त्याला एकासारखी दुसरी नकोच असते, त्याला फरक हवा असतो.

याचं मला आवडणारं उदाहरण नाशिकजवळचं आहे. जोगळटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता, नहपानाच्या चेहऱ्यावरच. हरवलेल्या राजाचं नाणं वितळवत बसण्यापेक्षा त्यावरच शिक्का मारून टाकला. आता ज्यानं तो ठेवा पुरला, त्याच्यासाठी ती तेरा हजार नाणी म्हणजे चांदी. जितकी जास्त तितकं बरं. संग्राहकाला विचाराल तर तो म्हणेल, मला एकच द्या, पण असं द्या की खालचा नहपान आणि वरचा सातकर्णी दोघंही दिसतील. नाशिकला जाणार असाल तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय जरूर बघा. आणि शेतात असं काही सापडलं तर इन्स्टावर टाकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा कायदा आहे, अजून लागू आहे.

बरं. आता मी जे टाळत होते ते.

डब्यातल्या छोट्या डबीत एक शिवराई आहे. दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, पेशवाईच्या काळातली. फार दुर्मिळ नाही. जुन्या बाजारात तशी सहज मिळेल. ही आमच्या पणजीची. आमचं मूळ गाव पाटण खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा काका अकरा वर्षांचे होते. घर गेलं. पणजी गेली. मातीतून जे थोडंफार निघालं त्यात तिची चंची होती, आणि चंचीत ही शिवराई.

वेर्नर मुन्स्टरबर्गर नावाच्या मनोविश्लेषकानं १९९४ मध्ये संग्राहकांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहानपणी ज्याच्या पायाखालची जमीन सरकते, तो मोठेपणी वस्तूंमधून आधार उभा करतो. वस्तू सोडून जात नाहीत, त्या आपल्या ताब्यात राहतात. मला अशा थिअऱ्यांचा थोडा संशयच येतो. प्रत्येक गोष्टीला बालपण चिकटवायचं! टॅझो जमवणाऱ्या माझ्यावर काय आभाळ कोसळलं होतं? पण काकांच्या बाबतीत 'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचारसुद्धा नाही, तसंच घडलेलं आहे. त्यामुळे इथे मी जास्त वाद घालत नाही.

आणि मी त्या शिवराईचं काय केलं? दहा वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत सातारला गेलेले. काका ड्यूटीवर. मला वाटलं, आपण त्यांना सरप्राइज देऊ. काळपट हिरवं झालेलं नाणं मी चिंच आणि मीठ लावून घासलं. अर्धा तास. तांब्याच्या कळशीसारखं लखलखीत केलं. संध्याकाळी काका आले, मी तळहातावर ठेवून दाखवलं.

ज्यांना नाण्यांतलं कळतं त्यांनी आत्ता कपाळावर हात मारला असेल. तांब्यावर वर्षानुवर्षं जो थर चढतो तो जपायचा असतो, तो गेला की नाण्याची रया जाते आणि बाजारातली किंमतही. पण काकांचा प्रश्न किमतीचा नव्हताच. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिच्या हाताचं होतं गं त्याच्यावर." एवढंच. रागावले नाहीत. जेवले मात्र नाहीत त्या रात्री.

मला ते वाक्य मोठी होईपर्यंत कळलं नाही. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना विचारलं होतं, हिटलरनं घातलेला स्वेटर घालाल का? धुतलेला, स्वच्छ. बहुतेकांना ती कल्पनाच सहन होईना. माणसाचं काहीतरी वस्तूत उतरतं आणि तिथे राहतं, असं आपण मानतो. कितीही शिकलेले असलो तरी मानतो. वाईट माणसाचं उतरतं, तसं आपल्या माणसाचंही. काकांसाठी त्या काळपट थरात पणजीची बोटं होती. मी ती चिंचेनं घासून काढली.

हे सांगून मी काकांना फार गोड करून ठेवतेय असं वाटेल, म्हणून दादाची बाजूही सांगते. मी डबा मागितला तेव्हा तो म्हणाला, "आमचा बाप रविवारीसुद्धा भिंग घेऊन बसायचा. मी दहावीला किती पडले ते विचारलं त्यांनी, पण विचारताना मान वर केली नव्हती." त्याचं खोटं नाही. एकदा काकूंनी शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे एका चांदीच्या रुपयात गेले होते. ते भांडण मी लहानपणी दाराआडून ऐकलेलं आहे. ज्या गोष्टी आपल्या ताब्यात राहतात त्यांच्यात रमायची सवय लागली की, ज्या ताब्यात राहत नाहीत, म्हणजे वाढत्या वयाची पोरं, चिडलेली बायको, त्या अवघड वाटायला लागत असतील. मी समजू शकते. दादानं समजून घ्यावं असं मात्र मी त्याला सांगणार नाही.

आता शेवटचं. काकांच्या पंचवीस पैशांच्या पानावर एक जागा रिकामी आहे. १९८८ ते २००२ मधली ती स्टीलची चार आण्याची नाणी आठवतात? मागे गेंडा? त्यातलं एका सालचं हैदराबादचं, ताऱ्याचं. साल सांगत नाही, नाहीतर तुमच्यातले चार जण आत्ता डबे उपसायला लागतील. वहीत जे पुन्हा पुन्हा 'तारा नाही' येतं, ते हेच. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे चलनातून गेले, तोपर्यंत नोंदी आहेत. त्यानंतर एकच ओळ, 'आता बॅगेत येणार नाही.'

मी दिवाळीत त्यांची डुप्लिकेट नाणी बघत बसले. पिशवीत पाच-सहाशे असतील. भिंग घेऊन, सालाप्रमाणे वेगळी करत. आणि ते सापडलं. तेच साल, खाली तारा. थोडा झिजलेला, पण तारा.

पिशवीत कसं राहिलं? साधं उत्तर असं की नजरेतून सुटलं. शेवटी शेवटी काकांना मोतीबिंदू होता, ऑपरेशन लांबणीवर टाकत होते. दुसरं उत्तर मला लुई इलायसबर्गची गोष्ट वाचताना सुचलं. हा बाल्टिमोरचा वित्त व्यवसायातला माणूस. अमेरिकेचं प्रत्येक सालचं, प्रत्येक टांकसाळीचं, माहीत असलेलं प्रत्येक नाणं मिळवायचं त्यानं ठरवलं, आणि १९५० मध्ये खरंच पूर्ण केलं. शेवटचं होतं कार्सन सिटीच्या टांकसाळीतलं १८७३ चं दहा सेंटचं नाणं, ज्याचा तसा एकच नमुना माहीत आहे. त्यानंतर काय करायचं माणसानं? तो संग्रह ठिकठिकाणी प्रदर्शनात मांडत राहिला. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार तर म्हणायचा की संग्राहकाला ती न मिळालेली शेवटची वस्तूच सगळ्यात जास्त लागते. ती मिळाली की खेळ संपला, आणि खेळाबरोबर खेळणाराही.

काकांना ते सापडलं होतं आणि त्यांनी मुद्दाम पिशवीत परत टाकलं? की दिसलंच नाही? वहीत काही नाही. मी तीनदा बघितलं.

मी दादाला फोन केला. म्हटलं, सापडलंय. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पानावर लावलंस?" मी म्हटलं, नाही अजून. म्हणाला, "थांब. मी येतो रविवारी." ज्याला डबा डोळ्यासमोर नको होता तो!

आज शुक्रवार आहे. नाणं माझ्या टेबलावर, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवलंय.

तुमच्या घरात असा कुणी जमवणारा असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. ते काय जमवतात यापेक्षा त्यांनी पहिलं काय उचललं होतं, ते विचारून पाठवा. आणि हात जोडून सांगते, चिंच लावू नका. भेटू पुढच्या भागात.